वकिलाचा आवाज कोणाचा?

वकालतनाम्यावर सही करणारा माणूस, एरवी कोणी कोणाला देत नाही अशी एक गोष्ट दुसऱ्याच्या हाती देतो. आपल्या वतीने बोलण्याचा हक्क देतो. त्यानंतर वकिलाने कोर्टात केलेले निवेदन त्याच्या अंगाला चिकटते, उलटतपासणीत राहून गेलेला प्रश्न सहसा राहूनच जातो, आणि हे सगळे चालू असताना तो स्वतः मागच्या बाकावर गप्प बसलेला असतो. घराचा ताबा, मुलाचा ताबा, पोटगी, कधीकधी तर सरळ मोकळेपणाने जगण्याचा हक्क त्या उसन्या आवाजावर टांगलेला असतो. म्हणून वकिलाचा व्यावसायिक आवाज पुरता त्याच्या मालकीचा कधीच नसतो. समाजमाध्यमांवर वकिलाने आणि उद्या वकील होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याने कसे वागावे, या प्रश्नाचा निकाल याच एका गोष्टीवरून लागतो, असे मला वाटते. बार रूममध्ये आणि लॉ कॉलेजांत ही चर्चा बहुतेक वेळा ‘हे नियमात बसते का’ आणि ‘कारवाई होईल का’ एवढ्यावर थांबते. नियमाचा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण त्याच्या आधी एक धर्माचा प्रश्न आहे. धर्म म्हणजे येथे पूजाअर्चा नव्हे, एखादी भूमिका स्वीकारल्याबरोबर आपोआप अंगावर येणारे कर्तव्य.

नियम थोडक्यात असा. ॲडव्होकेट्स ॲक्ट, 1961 खाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने केलेल्या नियमांतला छत्तिसावा नियम वकिलाला प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे काम मागण्यास आणि जाहिरात करण्यास मनाई करतो. पाटीचा आकार माफक असावा, तिच्यावर आपण माजी न्यायाधीश किंवा माजी महाधिवक्ता होतो असे लिहू नये, आपण अमुक प्रकारच्या खटल्यांचे तज्ज्ञ आहोत असेही लिहू नये, इतक्या बारकाव्यात तो जातो. 2008 मध्ये त्यात सुधारणा झाली आणि वकिलाला स्वतःच्या संकेतस्थळावर नाव, पत्ता, दूरध्वनी, सनदेचा तपशील, शिक्षण आणि कामाचे क्षेत्र देण्याची मुभा मिळाली. जुलै 2024 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ऑनलाइन पोर्टलवरून कामे मिळवणाऱ्या वकिलांवर कारवाई करण्याचे निर्देश बार कौन्सिलला दिले. मार्च 2025 मध्ये बार कौन्सिलने समाजमाध्यमे, प्रचारकी चित्रफिती आणि इन्फ्लुएन्सर यांच्यामार्फत होणाऱ्या जाहिरातींविरुद्ध पुन्हा कडक शब्दांत बजावले. तरीही कोणत्याही संध्याकाळी फोन उघडला, तर पांढरा बँड आणि काळा कोट घातलेला कोणीतरी कोर्टाच्या पायऱ्यांवर उभा राहून जामीन कसा मिळवून दिला ते सांगत असतो. नियम आहे आणि तो रोज मोडला जातो. अशा वेळी दंड वाढवण्याच्या आधी त्या नियमामागचे तत्त्व काय, हे तपासलेले बरे.

या तपासाला मुंबईचाच एक खटला उपयोगी पडतो. 1970च्या दशकात बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र विरुद्ध दाभोलकर हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. एस्प्लनेड येथील मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या दाराशी काही वकील उभे राहत, पक्षकार दिसला की त्याच्याकडे धावत, त्याच्या हातातले कागद मिळवण्यासाठी आपापसांत धक्काबुक्की करत आणि एकमेकांपेक्षा फी कमी सांगत, असा आरोप होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या वागणुकीवर कठोर शब्दांत टीका केली आणि वकिली हा व्यापार नाही, असे बजावले. आपल्या विषयासाठी त्या निकालातली दुसरी एक गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. आरोपातली कृत्ये छत्तिसावा नियम लागू होण्याच्या आधीची होती, त्यामुळे त्या नियमाचा थेट आधार घेता येत नव्हता. त्यावर न्यायालयाची भूमिका अशी होती, की नियम आला नव्हता तेव्हाही वकिलीची नीतितत्त्वे होतीच. म्हणजे औचित्य हे नियमातून जन्माला आलेले नाही, नियम त्या औचित्याची नोंद करतो. हे मान्य केले तर, नियमात इन्स्टाग्रामचे नाव नाही, किंवा मला अजून सनद मिळालेली नाही म्हणून तो मला लागू नाही, या दोन्ही पळवाटा एकदम बंद होतात.

मग ते औचित्य नेमके कशात आहे? दोन पोस्ट शेजारी ठेवून पाहू. पहिलीत एक वकील मराठीत सांगते, की तुम्हाला दिलेला चेक वटला नाही, तर बँकेकडून तसे कळल्यापासून तीस दिवसांच्या आत चेक देणाऱ्याला लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस पोहोचल्यावर पैसे भरायला त्याला पंधरा दिवस मिळतात, आणि तेवढ्यात पैसे आले नाहीत तर त्यानंतर एका महिन्यात फौजदारी तक्रार दाखल करावी लागते. दुसरी पोस्ट तुरुंगाच्या फाटकासमोरची आहे. नुकताच सुटलेला तरुण मध्ये, वकिलाचा हात त्याच्या खांद्यावर, बाजूला डोळे पुसणारी आई, खाली ‘खोट्या गुन्ह्यात जामीन मंजूर’ असा मजकूर आणि संपर्काचा क्रमांक. आता दोन्ही पोस्टमधून वकिलाचे नाव पुसून टाका. पहिलीत नोटिशीची मुदत जशीच्या तशी उरते, आणि जिंतूरच्या किंवा साक्रीच्या एखाद्या दुकानदाराचे बुडीत पैसे त्या माहितीने वाचू शकतात. दुसरीत वाचणाऱ्याच्या उपयोगाचे काहीच उरत नाही. उलट तिच्यात दोन इजा दडलेल्या आहेत. जामीन म्हणजे निर्दोषत्वाचा निकाल नव्हे, त्यामुळे ‘खोटा गुन्हा’ हा शब्दप्रयोग न्यायालयाने न सांगितलेले सांगतो. आणि पाच वर्षांनी तो तरुण खरोखर निर्दोष सुटला तरी तुरुंगाच्या फाटकासमोरचे त्याचे छायाचित्र कुठेतरी राहणारच, नोकरी देणाऱ्याला दिसणार, सोयरीक जुळवणाऱ्यांना दिसणार. वकिलाचे कौतुक आठवड्याभरात विरते, तरुणाच्या नावाला लागलेले ते फाटक विरत नाही.

या कसोटीवर एक रास्त शंका निघते. नाव पुसायचे कशाला? सल्ला कोणी दिला हे कळले नाही तर त्याची जबाबदारी कोणाची? निनावी कायदेशीर सल्ला तर अधिक धोक्याचा. शंका खरी आहे आणि तिच्यामुळे कसोटी नेमकी करता येते. नाव लिहावे, जरूर लिहावे, पण ते सहीसारखे, म्हणजे चूक निघाली तर उत्तर द्यायला मी येथे आहे, या अर्थाने. पोस्टचा सगळा जीवच नावात असेल, तर ती सही नसून माल आहे. ॲरिस्टॉटलने ‘निकोमाखीय नीतिशास्त्रा’च्या चौथ्या भागात स्वतःविषयी खरे बोलणारा माणूस बढाईखोर आणि स्वतःला मुद्दाम कमी लेखणारा या दोघांच्या मध्ये उभा केला आहे, आणि कीर्तीसाठी बढाई मारणाऱ्यापेक्षा पैशासाठी बढाई मारणारा अधिक कुरूप ठरवला आहे. म्हणून वकिलाने आपली पात्रता लपवावी, असे मी म्हणत नाही. खोटी विनम्रता ही सुद्धा असत्याचीच एक जात आहे.

आपल्या परंपरेत या प्रश्नाचा सर्वांत खोल विचार ‘ज्ञानेश्वरी’च्या तेराव्या अध्यायात सापडतो. गीतेने ज्ञानाची लक्षणे मोजताना अदंभित्व सांगितले, आणि ज्ञानेश्वरांनी त्यावर दृष्टांतांमागून दृष्टांत दिले. शेतकरी पेरलेले बी मातीने झाकतो, तसा अदांभिक माणूस आपले दानपुण्य झाकून ठेवतो, हा त्यांपैकी एक. त्याचा अर्थ अनेकदा ‘गाजावाजा करू नका’ इतकाच घेतला जातो, पण तो त्याहून मोठा आहे. शेतकरी बी लाजेने झाकत नाही. उघडे राहिले तर पाखरे टिपतील आणि उगवणार नाही म्हणून झाकतो. आणि तोच शेतकरी पीक मात्र झाकत नाही, ते खळ्यावर येते, बाजारात जाते, सगळ्यांच्या ताटात पडते. वकिलीत झाकायचे आणि वाटायचे असे दोन्ही आहे. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेले, त्याची नामुष्की, त्याच्यासाठी रात्री जागून केलेले काम हे झाकायचे, कारण उघडे पडले की पुढच्या पक्षकाराचा विश्वास उगवणार नाही. कायद्याचे ज्ञान मात्र वाटायचे, कारण कायदा जनतेचाच आहे आणि तो तिच्यापर्यंत तिच्या भाषेत पोहोचत नाही, ही आपल्याकडची जुनी आणि लाजिरवाणी उणीव आहे. समाजमाध्यमावरच्या वकिलीची अडचण अशी, की तेथे नेमकी उलट गोष्ट फळते. ज्ञान सांगणारी चित्रफीत थोडे लोक पाहतात, झाकायची गोष्ट उघडी केली की पाहणाऱ्यांची गर्दी होते.

यावर काही वकील म्हणतात, पक्षकाराची संमती घेतली तर? ती संमती कोणत्या क्षणी मागितली जाते, ते पाहावे. आदल्या रात्रीपर्यंत कोठडीत असलेला माणूस आपल्याला सोडवणाऱ्याला ‘फोटो नको’ म्हणेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. त्याची पुढची तारीख त्याच वकिलाच्या हातात असते. उपकाराच्या ओझ्याखाली दिलेला होकार कागदावर वैध असेल, नीतीच्या दृष्टीने तो अर्धाच आहे. शिवाय खटल्यात पक्षकार एकटा नसतो. घटस्फोटाच्या प्रकरणात समोरची बाई आहे, त्यांचे मूल आहे, फौजदारीत तक्रारदार आहे, आणि त्यांना कोणी विचारलेले नसते. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या 72व्या कलमाखाली गुन्हा आहे, मुलांच्या ओळखीला बाल न्याय कायद्याचे 74वे कलम संरक्षण देते. या टोकाच्या प्रसंगी कायदा उभा राहतो. रोजच्या पोटगीच्या आणि वाटणीच्या दाव्यांत समोरच्याची लाज राखणे हे वकिलाच्या विवेकावरच सोपवलेले आहे.

दुसरे म्हणणे असते, की जे कोर्टाच्या रेकॉर्डवर आले ते सार्वजनिकच आहे, मग त्यात गुपित कसले? भारतीय साक्ष अधिनियमाचे 132वे कलम वकिलाला कामाच्या ओघात आणि कामासाठी सांगितलेल्या गोष्टी उघड करण्यास मनाई करते, आणि काम संपल्यानंतरही ते बंधन कायम राहते. त्या कलमाच्या शब्दांत भर कोर्टात वाचलेली कैफियत बसणार नाही, हे खरे. पण अमेरिकन बार असोसिएशनने 2018 मधल्या आपल्या 480 क्रमांकाच्या मतात ब्लॉग आणि तत्सम लेखनाविषयी याहून पुढची भूमिका घेतली. पक्षकाराच्या कामाविषयीची माहिती सार्वजनिक रेकॉर्डमध्ये असली तरी, पक्षकाराच्या होकाराखेरीज वकिलाने ती लोकांत मांडू नये. जाहिरातीच्या बाबतीत तो देश आपल्यापेक्षा कितीतरी सैल आहे, तरीही या ठिकाणी तो कडक राहिला, याचा विचार करावा. माझ्या दृष्टीने कारण असे आहे. रेकॉर्डवरची गोष्ट वार्ताहराने सांगितली तर ती बातमी होते. तीच गोष्ट त्या माणसाच्या स्वतःच्या वकिलाने पाहणारे मिळवण्यासाठी सांगितली, तर ज्याच्याकडे तो आसऱ्याला आला होता त्यानेच त्याच्या दुःखाचा वापर केला असे होते. माहिती तीच असते, मोडलेला विश्वास निराळा असतो.

याहून सूक्ष्म असा एक बदल कोर्टरूमच्या आत होऊ घातला आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्वप्निल त्रिपाठी प्रकरणात थेट प्रक्षेपणाचे तत्त्व मान्य केले, आणि सप्टेंबर 2022 पासून घटनापीठाच्या सुनावण्या लोकांना घरबसल्या दिसू लागल्या. ही लोकशाहीतली मोठी पायरी आहे, तिच्यामुळे न्यायदान खऱ्या अर्थाने उघड्यावर आले. पण त्या तासन्‌तासांच्या सुनावणीतून चाळीस सेकंदांचा तुकडा कापला जातो, खाली संगीत लागते, ‘वकिलाने कसे सुनावले’ असे शीर्षक पडते. तो तुकडा पसरेल हे ठाऊक असलेला वकील उभा राहतो, तेव्हा तो कोणाशी बोलत असतो? युक्तिवाद एका विशिष्ट कानासाठी असतो. न्यायाधीशाची शंका ओळखून माघार घेणे, कमजोर मुद्दा सोडून देणे, ‘हे मान्य आहे, मायलॉर्ड’ असे म्हणून बाकीचे वाचवणे, हे पक्षकाराच्या हिताचे कसब आहे, आणि ते बघ्याला पराभवासारखे दिसते. बघ्याला आवडते ती चढ्या आवाजातली फेक, आणि तिची किंमत अनेकदा पक्षकार मोजतो. आवाज उसना आहे, हे विसरल्याचा परिणाम येथे सर्वांत स्पष्ट दिसतो.

आता या सगळ्याविरुद्धचा सर्वांत वजनदार आक्षेप. जाहिरातबंदी ज्यांचे आधीच बस्तान बसले आहे त्यांच्या सोयीची आहे. ज्याच्या घराण्यात तीन पिढ्या वकिली, त्याचे आडनाव हीच त्याची पाटी, आणि तिच्या आकारावर कोणताही नियम मर्यादा घालत नाही. घरातून पहिल्यांदाच कोर्टाची पायरी चढणाऱ्या मुलीला मात्र तुम्ही गप्प बसायला सांगता. हा आक्षेप इतिहासाने खरा ठरवलेला आहे. डॉ. आंबेडकरांनी 1923 मध्ये मुंबईत वकिली सुरू केली, तेव्हा त्यांच्या विद्वत्तेला तोड नव्हती, आणि तरीही अस्पृश्यतेमुळे त्यांच्याकडे कामे येण्यास अडथळे आले. ‘आपले काम बोलेल’ हे वचन जातीने बांधलेल्या बाजारात अपुरे असते. गांधीजींचा अनुभवही याच बाजूचा आहे. मुंबईत पहिले काम घेताना त्यांनी दलालाला कमिशन द्यायला साफ नकार दिला, पण मुंबईत जम बसला नाही आणि त्यांना राजकोटला परतावे लागले. तेथे ब्रीफ देणाऱ्या वकिलांना कमिशन देण्याची तडजोड त्यांनी केली, आणि ती ‘आत्मकथे’त मोकळेपणाने सांगितली. तेथली परिस्थिती वेगळी, दलालाला देणे वेगळे आणि वकिलाला देणे वेगळे, असे त्यांना पटवण्यात आले होते. आज ‘जाहिरात वेगळी आणि कंटेंट वेगळा’ असे तरुण वकिलांना पटवले जाते, तो युक्तिवाद याच घडणीचा आहे.

मी हा आक्षेप निम्म्याहून अधिक मान्य करतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये बेट्स प्रकरणात, ॲरिझोनातल्या दोन वकिलांनी वर्तमानपत्रात नेहमीच्या कामांची फी छापली त्याला संरक्षण दिले. साध्या माणसाला वकील किती घेतो हेच माहीत नसते आणि त्या भीतीने तो वकिलाकडे जातच नाही, हा त्यामागचा विचार मला पटतो. आपल्याकडेही फी, कामाचे क्षेत्र, बोलता येणाऱ्या भाषा, गरिबांसाठी कोणते काम विनामूल्य करतो, एवढे सांगण्याची मोकळीक सर्व माध्यमांवर असावी. त्याने पक्षकाराला निवड करता येते आणि कोणाची लाज उघडी पडत नाही. पण मान्य न होणारा भाग असा, की समाजमाध्यम नवख्यांना समान संधी देते. तेथे कोण दिसेल हे अल्गोरिदम ठरवतो, आणि तो चांगला आवाज, चांगला कॅमेरा, सफाईदार इंग्रजी, रिकामा वेळ आणि जाहिरातीला पैसा असणाऱ्याला पुढे ढकलतो. 1879च्या लीगल प्रॅक्टिशनर्स ॲक्टपासून कायदा कोर्टाच्या आवारातल्या दलालांना शोधत आला, 2023च्या दुरुस्तीने ती तरतूद ॲडव्होकेट्स ॲक्टमध्येच आणली. पैसे घेऊन पक्षकाराला विशिष्ट वकिलाकडे वळवणे हे दलालाचे काम, आणि तेच काम आज एक यंत्र करते. त्याने जुने आडनाव हटत नाही, त्याच्या शेजारी दुसरी एक विशेषाधिकारांची रांग उभी राहते.

आंबेडकरांच्याच आयुष्यात या कोंडीतून निघणारी वाट दिसते. 1926 मध्ये ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून पुण्यात झालेल्या बदनामीच्या खटल्यात त्यांनी ब्राह्मणेतर चळवळीतल्या जेधे-जवळकर मंडळींचा बचाव केला आणि तो जिंकला. पुढच्याच वर्षी, 1927 मध्ये, त्यांनी ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू केले. चालू वकिली असलेला माणूस आपल्या काळातल्या सर्वांत ताकदीच्या माध्यमात उतरला, तेव्हा त्याने जिंकलेल्या दाव्यांचा पसारा मांडला नाही. ज्यांना हक्क आहेत हेच ठाऊक नव्हते, त्यांना त्यांच्या भाषेत हक्क सांगितले. त्या लेखनाने त्यांचे नाव झाले, यात शंका नाही. नाव हे त्या लेखनाचे फळ होते, विषय नव्हता.

विद्यार्थ्यांविषयी वेगळे लिहिणे मला भाग वाटते, कारण त्यांना सनद नाही, त्यामुळे नियम नाही, आणि म्हणून त्यांचा प्रश्न निखळ नीतीचा आहे. लिंक्डइनवर दर इंटर्नशिपनंतर एक घोषणा करायची, सीनिअरच्या चेंबरमधल्या टेबलाचे छायाचित्र टाकायचे, ही आता जवळजवळ सक्ती झाली आहे, न केले तर मागे पडू अशी भीती त्यामागे असते. त्या भीतीची मी टिंगल करणार नाही, नोकरीचा बाजार खरोखर तसा आहे. पण त्या टेबलावर कागद पडलेले असतात आणि मोठे करून पाहिले तर वरच्या फायलीवरचे पक्षकाराचे नाव वाचता येते. ‘आज एका मोठ्या उद्योगसमूहाच्या लवादावर संशोधन केले’ या ओळीतून जाणकार माणूस उद्योगसमूह ओळखतो. यात कोणाचा वाईट हेतू नसतो, आणि नेमके म्हणून हे गंभीर आहे. वयाच्या एकविसाव्या वर्षी दुसऱ्याचे काम ही आपल्या ओळखीची सामग्री आहे अशी नजर तयार झाली, तर सनद मिळाल्यावर एका शपथेने ती बदलत नाही. मूट कोर्टात जिंकल्याचे जरूर सांगावे, ते स्वतःचे आहे. एखाद्या ताज्या निकालाचे मराठीत चार परिच्छेदांत टिपण लिहावे, त्यात चूक निघाली तर उघडपणे दुरुस्त करावी. असे टिपण वाचणारा सीनिअर त्यातून मुलीची समज जोखू शकतो, टेबलाच्या छायाचित्रातून त्याला काहीच कळत नाही.

बार कौन्सिलने या विषयात केवळ इशारे काढून भागणार नाही. छत्तिसाव्या नियमाची फेरमांडणी माहिती आणि प्रदर्शन यांच्यातला फरक धरून झाली पाहिजे. फी, भाषा, क्षेत्र आणि कायद्याचे विवेचन कोणत्याही माध्यमात खुले असावे. पक्षकाराचे छायाचित्र, जिंकलेल्या प्रकरणांची यादी, निकालाची हमी, पैसे देऊन मिळवलेली शिफारस आणि सुनावणीचे कापलेले तुकडे यांना संमती असली तरी मनाई असावी. आणि विधी महाविद्यालयांत व्यावसायिक नीतीचा जो पेपर आज पाठ करून उत्तीर्ण होता येतो, त्यात विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या पोस्ट, नावे झाकून, वर्गात चर्चेला घ्याव्यात.